कुड्याची साल आणि मोठे आतडे

गेल्या वर्षी आषाढात औंढ्याचे एक आजोबा माझ्याकडे आले. शौचावाटे रक्त पडत होते. म्हणाले, "आव आहे, डॉक्टर. तीन महिने कुड्याची साल उगाळून घेतोय."

कुडा आमच्या मावळच्या डोंगरात उदंड. आवेवर त्याची साल हे जुने औषध. पण प्रत्येक रक्त आवेचेच असते का?

आवेचा अमीबा लोश यांनी रशियात १८७५ साली वर्णिला. दूषित पाण्यातून तो पोटात जातो, मोठ्या आतड्याच्या अस्तराला बारीक भोक पाडतो आणि आत पसरतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती जखम सुरईसारखी दिसते : तोंड अरुंद, पोट रुंद. दोन जखमांमधले अस्तर मात्र बहुधा धड असते. जिवाणूंच्या हगवणीत उलट, अस्तर सलग सुजून लाल होते. क्षयाची जखम बहुधा आडवी. ती भरताना आक्रसते आणि अन्नाची वाट अडते.

कर्करोगाची तऱ्हा निराळी. अस्तरावर आधी मोडासारखी लहान गाठ येते. मग तिच्यातल्या पेशी बेशिस्त वाढत खोल शिरतात. याला पुष्कळदा दहा-दहा वर्षे लागतात. तेवढी सवलत मिळूनही आपण ती 'मूळव्याध असेल' म्हणत दवडतो.

आजोबांच्या आतड्यात दुर्बीण घालून तुकडा काढला. कर्करोगच निघाला, सुदैवाने भिंतीपलीकडे गेला नव्हता. शस्त्रक्रिया झाली. यंदा दिवाळीला त्यांच्या घरून पोह्यांची पिशवी आली.

वाचकहो, कुड्यावर माझा राग नाही. पण रक्त एकाच रंगाचे, कारणे अनेक. तपासल्यावाचून त्याला नाव देऊ नका.