मूळ कंपनीचा नसलेला भाग

विमानात बसवलेला सुटा भाग मूळ कंपनीचा नाही म्हटले, की प्रवाशाच्या पोटात गोळा येतो. पण कारखान्याच्या नावावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

22 ऑगस्ट 1985 रोजी मँचेस्टरला ब्रिटिश एअरटूर्सच्या बोइंग 737 चे डावे इंजिन धावपट्टीवरच फुटले. आगीत 55 जण गेले. दोष निघाला जेटी8डी इंजिनाच्या ज्वलनकक्षात; त्याला तडे गेले होते आणि आधी वेल्डिंगने दुरुस्तीही झाली होती. त्यानंतर नव्या ज्वलनकक्षांची मागणी एकदम वाढली. फ्लोरिडातल्या हायको कंपनीकडे याच इंजिनासाठी मान्यताप्राप्त पर्यायी कक्ष तयार होता आणि विमान कंपन्यांनी तो घेतला.

अमेरिकेत अशा भागाला विमानवाहतूक नियामक एफएएची पीएमए, म्हणजे भाग-उत्पादनाची मान्यता लागते. पर्यायी भाग बनवणाऱ्याच्या हाती मूळ ड्रॉइंग नसते, म्हणून खरी कसोटी तिथेच लागते. एकच नमुना मोजून भागत नाही, कारण त्याचे माप टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या, मधोमध आहे की अगदी कडेला, हे त्या एकट्यावरून कळत नाही. अनेक नमुने मोजायचे, मिश्रधातूचे घटक आणि कणरचना तपासायची, उष्णताप्रक्रिया ओळखायची, मग चाचण्या आणि गणिताने सिद्ध करायचे. मूळ भागाला वापरात कुठे तडे जातात हे ठाऊक असेल, तर नवा भाग त्याहून सरसही करता येतो.

मूळ कंपन्यांची मक्तेदारी हा दुसरा अडसर. विमान कंपन्यांची संघटना आयाटा युरोपीय आयोगाकडे गेली, तेव्हा कुठे 2018 मध्ये इंजिने बनवणाऱ्या सीएफएमने इतरांचे भाग वापरणाऱ्या दुरुस्ती केंद्रांनाही आपली दुरुस्तीची मॅन्युअल देण्याचे मान्य केले.

भ्यायचे असेल तर खोट्या कागदाला भ्या. लंडनच्या एओजी टेक्निक्सने बनावट प्रमाणपत्रांवर विकलेले इंजिनांचे भाग 2023 मध्ये उघडकीस आले आणि अनेक देशांतल्या विमान कंपन्यांना इंजिने उघडून ते शोधत बसावे लागले.

पर्यायी भाग घडवण्याचे काम भारताला नवे नाही. 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला, मिग लढाऊ विमानांच्या भागांचा पुरवठा विस्कळीत झाला आणि आपल्या हवाई दलाच्या दुरुस्ती डेपोंना देशातच भाग घडवून घ्यावे लागले. नाशिकजवळच्या ओझरचा डेपो त्यातलाच. मात्र लष्करी विमानांची उड्डाणयोग्यता ठरवणाऱ्या सेमिलॅक या संस्थेने दिलेली मान्यता प्रवासी विमानाला आपोआप चालत नाही. तिथे नागरी विमानवाहतूक नियामक डीजीसीएची मोहोर हवी. त्यासाठीच्या चाचण्यांचा भार लहान कारखानदाराला एकट्याने पेलवणारा नाही. म्हणून थकवा-चाचणीची आणि धातुपरीक्षणाची सामाईक प्रयोगशाळा सरकारने ओझरलाच उभारावी आणि तिचे अहवाल डीजीसीएने थेट ग्राह्य धरावेत.