उद्यानाचे कुलूप निघाले, समाजमंदिराचे कधी?



2022 च्या गुढीपाडव्याला, म्हणजे 2 एप्रिलपासून, राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठले. पुण्यातली उद्याने पुन्हा माणसांनी भरली. तळजाईच्या टेकडीवर पहाटे मोटारींची रांग लागते आहे. व्यायामशाळा सुरू झाल्या, शिबिरांचे फलक लागले, ज्येष्ठांचे हास्यक्लब पुन्हा जमू लागले. ही चांगलीच गोष्ट आहे. दोन वर्षे चार भिंतींत कोंडलेल्या माणसाला मोकळी हवा मिळायलाच हवी.

पण आपल्या वस्तीत काय सुरू झाले, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात मार्च 2020 पर्यंत आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी बायकांचा व्यायामाचा वर्ग भरायचा. वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी तो घ्यायची. पंधरा-वीस जणी यायच्या. लॉकडाऊन लागला आणि वर्ग बंद झाला. मग त्या खोलीत धान्याची किट ठेवली गेली, ती वाटून संपल्यावर मंडपाचे सामान आणि खुर्च्या आल्या. निर्बंध उठले, तरी खुर्च्या तिथेच आहेत. दाराला कुलूप आहे आणि चावी नक्की कोणाकडे, हे चार माणसे चार प्रकारे सांगतात.

त्या वर्गाला येणारी आमच्या गल्लीतली एक मावशी चार घरची धुणीभांडी करते. तिला साखरेचा त्रास आहे. परवा नळावर भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, वर्ग होता तवा गुडघा तरी वाकायचा. आता खाली बसले की उठवत नाही." कोरोनातून ती वाचली, पण त्या दोन वर्षांत तिची तब्येत जी ढासळली ती अजून सावरलेली नाही. कोणत्याही आकडेवारीत हे दिसणार नाही.

मार कोणी जास्त खाल्ला?

9 मार्च 2020 रोजी राज्यातले पहिले कोरोना रुग्ण आपल्या पुण्यातच सापडले. त्यानंतर एप्रिल-मे महिन्यांत भवानी पेठ, ताडीवाला रोड, पाटील इस्टेट ही नावे रोज बातम्यांत होती. पत्रे ठोकून गल्ल्या बंद झाल्या. लोक म्हणायचे, "या वस्तीतल्या लोकांना शिस्त नाही." खरे कारण काय होते, ते पुढे तपासणीतून दिसले.

20 जुलै ते 5 ऑगस्ट 2020 या काळात पुण्याच्या पाच प्रभागांत 1664 जणांचे रक्त तपासले गेले. आयसर आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ या संस्थांचे शास्त्रज्ञ त्यात होते. किती जणांना नकळत कोरोना होऊन गेला, हे त्यातून कळले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांत हे प्रमाण 33 टक्के होते, बंगल्यांत सुमारे 44, आणि चाळी-झोपड्यांत 56 ते 62 टक्के. लोहियानगर-कासेवाडी प्रभागात तर 65 टक्के. ज्यांच्या घरात स्वतःचे शौचालय होते त्यांच्यात 45 टक्के, आणि जे सार्वजनिक शौचालय वापरत होते त्यांच्यात 62 टक्के.

याचा अर्थ सरळ आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात आणि एका शौचालयापुढे तीस माणसे उभी असतात, तिथे अंतर ठेवायचे तरी कुठे? शिस्तीचा तो प्रश्न नव्हता, जागेचा होता. मोकळ्या जागेची ही गरज कोरोनाबरोबर संपलेली नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, बंद पडलेले कार्यक्रम सुरू करताना ज्यांनी मार जास्त खाल्ला त्यांच्या दारापासून सुरुवात व्हायला हवी.

"आधी पाणी-संडास, मग व्यायाम"

आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "ताई, नळाला पाणी नाही, ड्रेनेज तुंबले आहे, आणि तुम्ही व्यायामाचे काय घेऊन बसलात?" त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पाणी आणि शौचालय आधीच हवे. पण एक मागितले म्हणून दुसरे सोडून द्यायचे, असा नियम कोणी केला? फ्लॅटवाल्यांना पाणी आणि उद्यान दोन्ही मिळते. ते दोन्हीसाठी अर्ज करतात.

दुसरे एक वाक्य घराघरांत ऐकू येते, "दिवसभर फरशी पुसते, तोच व्यायाम." हे नीट समजून घेतले पाहिजे. कामाचे कष्ट आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाडू मारताना, ओझे उचलताना, वाकून फरशी पुसताना शरीराचे तेच तेच सांधे झिजतात, कंबर धरते, आणि मधे विसावा नसतो. व्यायामात सगळ्या सांध्यांना हालचाल मिळते, श्वास खोल जातो, ताणलेले स्नायू सैल होतात. शिवाय चार बायका एकत्र बसतात, मन मोकळे करतात. दोन वर्षांत कोणाचा नवरा गेला, कोणाचा कमावता मुलगा गेला, कोणाचे काम सुटले. त्या दुःखाला बोलायची जागाच मिळालेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितले आहे की, मोठ्या माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास. मुलांनी दिवसाला सरासरी एक तास खेळावे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांना आवर घालण्यासाठी हे लागते. ज्यांना हे आजार होते त्यांनाच कोरोनाने जास्त गाठले, हेही आपण डोळ्यांनी पाहिले. पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही. पण ती येईल तेव्हा आपली साखर आणि रक्तदाब ताब्यात असावा, याची तयारी आजपासून करता येते.

ठराव कागदावर, वहिवाट वेगळी

या ठिकाणी आपल्या इतिहासाची आठवण होते. 1923 साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला आणि सरकारी खर्चाची पाणवठे, शाळा, दवाखाने अशी ठिकाणे अस्पृश्यांना खुली झाली. 1924 साली महाड नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले होते, पण तीन वर्षे आपल्या माणसाला तिथे पाणी घेता आले नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावात जीव आला.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते आणि सरकारी पैशातून राखलेली सार्वजनिक ठिकाणे वापरताना धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला अडवता येणार नाही, असे लिहिले गेले. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शहराच्या 18 कामांची यादी आहे. त्यात सहावे काम सार्वजनिक आरोग्य, दहावे झोपडपट्टी सुधारणा आणि बारावे उद्याने, बागा व क्रीडांगणे. तिन्ही एकाच यादीत आहेत. म्हणजे वस्तीने खेळाची जागा मागणे हा चोचला नाही.

आज उद्यानाच्या दारात कोणी जात विचारत नाही. पण वेळ अडवते, अंतर अडवते, फी अडवते. उद्याने सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळ उघडी असतात. सफाईचे काम करणारी आपली बहीण पहाटे कामावर गेलेली असते आणि संध्याकाळी ती स्वयंपाकाला लागते. दुपारी तिला तासभर मोकळा मिळतो, तेव्हा उद्यान बंद. तळजाईच्या पायथ्याला राहणाऱ्यापेक्षा लांबून मोटारीने येणारा त्या टेकडीचा जास्त उपयोग करून घेतो. जलतरण तलाव ठेकेदाराकडे गेला की तिकीट येते, आणि तीन मुलांचे तिकीट काढणे कोणाला परवडते?

मागायचे काय?

महापालिकेकडे आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. नुसते "आरोग्याकडे लक्ष द्या" असे निवेदन दिले तर ते फाइलला लागते.

पहिली मागणी वेळेची. वस्तीजवळच्या उद्यानांत आठवड्यातले काही दिवस तरी दुपारी बायकांसाठी प्रवेश असावा. दुसरी जागेची. महापालिका शाळेचे मैदान शाळा सुटल्यावर आणि रविवारी वस्तीतल्या मुला-मुलींना मिळावे. मुलींसाठी वेगळी वेळ असावी, नाहीतर मैदान मुलांचेच होते. तिसरी माणसाची. महापालिकेच्या समाजविकास विभागाच्या समूह संघटिका वस्त्या ओळखतात. त्यांच्यामार्फत वस्तीतल्याच शिकलेल्या मुलीला मानधनावर वर्ग चालवायला द्यावा. बाहेरचा प्रशिक्षक दोन महिने येतो आणि निघून जातो. चौथी मागणी तपासणीची. महिन्यातून एकदा वर्गाच्या जागीच रक्तदाब आणि साखर मोफत तपासली जावी.

अडचण अशी झाली की, 15 मार्च 2022 पासून महापालिकेवर प्रशासक आला. नगरसेवकांची मुदत संपली. "दादांना सांगतो, दादा बघतील" हा मार्ग त्या काळात बंद झाला. एका अर्थी हे बरेच झाले. अर्ज आपणच लिहायचा. पुण्यात 15 क्षेत्रीय कार्यालये आहेत, त्यातले आपले कोणते ते शोधा. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून विचारा. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

पुण्यात 2006-07 पासून नागरिकांना आपल्या प्रभागातले काम अंदाजपत्रकात सुचवता येते. एका कामासाठी पाच लाखांपर्यंत तरतूद होऊ शकते. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे अर्ज मागवले जातात. सोसायट्यांतले लोक दरवर्षी बाक, पदपथ, दिवे सुचवतात. आपल्या वस्तीतून यंदा किती अर्ज जाणार? समाजमंदिराचे गळके छत, पंखा, दिवा, मैदानाची सपाटी ही सगळी कामे सुचवण्याजोगी आहेत.

आणि आपले काय?

सगळा दोष महापालिकेवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. समाजमंदिरातल्या खुर्च्या आपल्याच आहेत. वस्तीत बसवलेल्या व्यायामाच्या साधनांवर कपडे वाळत घालणारेही आपणच. जयंतीची वर्गणी आठ दिवसांत जमते, पण वर्गासाठी दोन चटया घ्यायच्या म्हटले की चर्चा सुरू होते. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेहाने किती त्रास दिला, हे आपण जाणतो. त्यांच्या जयंतीचा थोडा खर्च वस्तीच्या तब्येतीवर झाला तर ते त्यांना अभिवादनच होईल.

 वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला उपासक-उपासिका जमतात.  वाचन संपल्यावर वीस मिनिटे तिथेच थांबा. हात, खांदे, मान, गुडघे यांची हालचाल आणि खोल श्वास, एवढ्याने सुरुवात पुरे. पाऊस उघडला की सगळ्यांनी मिळून वस्तीभोवती एक फेरी मारा. तीन महिन्यांत सवय लागते.

ज्यांना कोरोना होऊन गेला आणि अजून दम लागतो, त्यांनी घाई करू नये. पहिल्या आठवड्यात पाच-दहा मिनिटे सपाट जागी चालावे, मग हळूहळू वाढवावे. चालताना बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. छातीत दुखले, चक्कर आली, धडधड वाढली तर लगेच थांबून महापालिकेच्या दवाखान्यात जावे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये. ज्याला खोकला-ताप आहे त्याने वर्गाला येऊ नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आमच्या वस्तीत येत्या रविवारी चावी शोधायची असे ठरले आहे. खुर्च्या एका भिंतीला लावल्या तरी दहा बायकांना जागा होते. ती मावशी म्हणाली आहे, "कुलूप काढा, झाडलोट मी करते." तुमच्या वस्तीतल्या समाजमंदिराची चावी कोणाकडे आहे, ते आजच विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!