मनोरुग्णाचे मोजमाप

मनोरुग्णाची पारखणी प्रश्नावलीने करावी की त्याचे म्हणणे ऐकून, हा वाद जुना आहे. हायडेलबर्गच्या कार्ल यास्पर्स यांनी १९१३ साली मनोविकृतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हाच रोग्याचा अनुभव त्याच्या बाजूने जाणून घेण्यावर त्यांनी भर दिला होता. ‘आवाज ऐकू येतात’ एवढी नोंद पुरत नाही. तो आवाज बाहेरून येतो की आतून, परका वाटतो की ओळखीचा, हे रोग्याच्याच तोंडून समजून घ्यावे लागते.

परंतु केवळ तज्ज्ञाच्या जाणकारीवर विसंबण्याचे परिणामही जगाने पाहिले आहेत. न्यूयॉर्क व लंडन येथील निदानांची तुलना १९७२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे रोगी कितीतरी अधिक नोंदले जात; दोन्हीकडे एकाच पद्धतीने मुलाखती घेताच हा फरक बहुतांशी नाहीसा झाला. फरक रोग्यांत नव्हता, डॉक्टरांत होता! या मनमानीला आळा बसावा म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये लक्षणांच्या काटेकोर याद्या बांधून दिल्या. वस्तुनिष्ठ पद्धतीचे हे ऋण नाकारता येणार नाही.

दुखणे आहे ते याद्यांच्या वापरात. आज ९ पैकी ५ लक्षणे दोन आठवडे टिकली की विषादाचे निदान होते. त्यात झोप उडणे आणि झोप अति येणे ही एकाच कलमात बसतात. महागाईच्या निर्देशांकावरून भत्ता ठरतो, पण कोणत्या घरी दूध बंद झाले हे निर्देशांक सांगत नाही, त्यातलाच हा प्रकार. १९८० च्या याद्या करणाऱ्यांपैकीच एक असलेल्या नॅन्सी अँड्रिआसन यांनी २००७ मध्ये, या याद्यांमुळे रोग्याचा अनुभव समजून घेण्याची विद्याच अमेरिकेत मरणपंथाला लागली, अशी खंत व्यक्त केली.

आपल्याकडे ही उणीव अधिक बोचते. ‘जीव रमत नाही’, ‘कुणीतरी करणी केली’ असे सांगणाऱ्या बाईला भाषांतरित प्रश्नावलीपुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणता येते. तिची करणी हा भ्रम, की घरादाराची समजूत, हे गुणांवरून कळत नाही. शिवाय आकड्याला आता कायद्याचे वजन आले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली नोकरीतील आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. मनोविकारात ही टक्केवारी मुख्यतः स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींवरून काढली जाते. औषधाच्या आधाराने कशीबशी कचेरी गाठणाऱ्या कारकुनाची रोजची झुंज या रकान्यांत मावत नाही. प्रमाणपत्राच्या नमुन्यात टक्क्यांशेजारी रोग्याच्या शब्दांतील निवेदन सक्तीचे करावे. त्यासाठी प्रत्येकामागे अधिक वेळ लागेल, आणि म्हणून तपासणी मंडळांवर माणसेही वाढवून द्यावी लागतील.