तुमच्या लॅबचं भंगार कुठे जातं?

परवा सेमाडोहला टपरीवर चहा घेत होते. समोर एक भंगारवाला मोटरसायकलला पोतं बांधत होता. जुनी बॅटरी, फुटका पंखा, कसली तरी लोखंडी पेटी. मनात आलं, या पेटीत काय आहे, हे त्याला कोण सांगणार?

प्रश्न उगाच नाही पडला. २०१० साली दिल्ली विद्यापीठाने रसायनशास्त्र विभागातलं एक यंत्र लिलावात विकलं. १९८५पासून ते नुसतं पडून होतं. आत कोबाल्ट-६० होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं. आठ जणांना किरणोत्साराची बाधा झाली, त्यातला एक दगावला. कोबाल्ट-६० सव्वापाच वर्षांत निम्मं होतं. म्हणजे २५ वर्षांत बराच जोर ओसरला होता, तरी जीव घेण्याइतका उरला होता!

शरीरात नेमकं होतं काय? किरणं दिसत नाहीत, वास नाही, चटकाही बसत नाही. मोठा डोस मिळाला की काही तासांत मळमळ, उलट्या सुरू होतात. मग गंमत बघा, माणसाला बरं वाटायला लागतं. पण आत हाडांच्या मगजात नव्या रक्तपेशी बनणं थांबलेलं असतं. जुन्या पेशी संपल्या की ताप, जंतुसंसर्ग, रक्तस्राव. केस गळतात, कातडी काळी पडते. चार ग्रेच्या आसपास डोस असेल आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दोन महिन्यांत जातात. आणि सुरुवातीच्या उलट्या बघून कोण म्हणेल हा किरणोत्सार आहे? 'काहीतरी बाधलं असेल' म्हणून गोळी मिळते, बस.

मायापुरीत चूक भंगारवाल्याची नव्हती. चूक शिकलेल्यांची होती. म्हणून मित्रांनो, हा विषय आपला आहे. कॉलेजच्या स्टोअररूममध्ये धूळ खात पडलेल्या यंत्रांची यादी आहे का, विकण्याआधी ती कोण तपासतं, हे सरांना विचारा. तीन पात्यांचं चिन्ह ओळखायला शिका आणि गावी गेलात की शेजारच्या भंगारवाल्या काकांनाही दाखवा. तसं चिन्ह कुठे दिसलं तर हात लावू नका, लांब व्हा, पोलिसांना कळवा.

डिग्री आपल्याकडे आहे. पोतं त्याच्या पाठीवर आहे. मग सांगायचं कुणी?