ब्रिटनच्या १७७९ सालात वडगाव मावळ का हवे?

१/ ब्रिटनचे १७७९ म्हणजे अमेरिकेतील युद्ध, जूनमध्ये शत्रुपक्षाला मिळालेला स्पेन, जिब्राल्टरचा वेढा आणि इंग्लिश खाडीत शिरलेले फ्रेंच-स्पॅनिश आरमार. माझ्या मते या संकटमालिकेचा आरंभ जानेवारीत मावळात झाला.

२/ पुणे दरबारी आलेल्या सेंट ल्युबिन या फ्रेंच वकिलामुळे मुंबईकर इंग्रज धास्तावले होते. राघोबादादांना कारभारावर बसवण्यासाठी सुमारे ३,९०० सैनिक आणि १९,००० बैल घेऊन त्यांची फौज बोरघाट चढली.

३/ ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजेच आपला ‘इष्टुर फाकडा’, पडला. मराठ्यांनी रसद तोडली, तळेगाव जाळून रिकामे केले. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून इंग्रज मागे फिरले, ते वडगावात महादजी शिंद्यांच्या वेढ्यात अडकले.

४/ तहानुसार साष्टी परत द्यायची, राघोबांना स्वाधीन करायचे. वॉरन हेस्टिंग्जने तो तह झिडकारला. कार्नॅक, एगर्टन, कॉकबर्न बडतर्फ झाले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

५/ ‘हे तर कंपनीचे युद्ध’, असा आक्षेप येईल. पण १७७३ च्या कायद्याने मुंबईच्या युद्ध-तहांवर गव्हर्नर जनरलचा अंकुश ठेवला, तो ब्रिटिश पार्लमेंटनेच. तेव्हा वडगाव हा ब्रिटनच्याही राष्ट्रीय इतिहासाचा भाग ठरतो.

६/ आपणही वडगावला फाकड्याच्या दंतकथेपुरते उरवू नये. रणात जिंकलेले तहात का टिकले नाही, हा प्रश्न विजयस्तंभाइतकाच महत्त्वाचा आहे.