बाळाच्या वाटीतली बुरशी

पोळीवर हिरवट-काळी बुरशी दिसली की आपण ती खात नाही. फेकायचंही जिवावर येतं, म्हणून गाईला घालतो आणि थोडं पुण्य पदरात पडल्याचं समाधान मानतो. छत्तीसगडमधल्या नवा रायपूरच्या सेक्टरांतून, राखी-उपरवाऱ्यासारख्या जुन्या गावांच्या कडेकडेनं सकाळी फिरायला निघाले की मला हेच दिसतं. फाटकाबाहेर शिळ्या पोळ्यांची चवड, ओला ब्रेड, आंबूस वासाचा कोंडा आणि तोंड घालून उभ्या असलेल्या गाई. आजूबाजूच्या गावांतूनच सेक्टरांत दूध येतं आणि वरच्या दुधावर असलेली बाळं ते पितात.

गाईच्या पोटात अफ्लाटॉक्सिन बी-1 हे बुरशीचं विष गेलं की यकृतात त्याचं रूप बदलतं आणि एम-1 या नावानं काही अंश दुधात उतरतो. दूध उकळून तो जात नाही. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने घेतले. त्यातल्या 368 नमुन्यांत, म्हणजे 5.7 टक्क्यांत, एम-1 मर्यादेबाहेर सापडलं. भेसळीमुळे पिण्यास असुरक्षित ठरलेले नमुने होते फक्त 12. युरियाच्या दुधावर आपण वर्षानुवर्षं बोलतो. पेंड, कोंडा आणि चाऱ्यातून येणाऱ्या या विषाबद्दल घरात, दवाखान्यात, ग्रामसभेत कुठेच बोलणं होत नाही.

मी छत्तीसगडच्या महिला व बालविकास विभागात पर्यवेक्षिका होते. राजनांदगावच्या मराठी वस्त्यांपासून रायपूरजवळच्या भातगावांपर्यंत अंगणवाड्या पाहिल्या. त्या अनुभवावरून माझं ठाम मत झालं आहे. बाळाच्या अन्नातली बुरशी हा घरच्या टापटिपीचा प्रश्न समजून आपण तो आईच्या माथी मारतो. पण या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते शोधायला प्रयोगशाळा लागते आणि प्रयोगशाळा आईच्या हातात नसते, सरकारच्या हातात असते. म्हणून जबाबदारीही आधी सरकारची.

हे विष जगाला कळलं ते 1960 मध्ये. इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्या पटापट मेल्या आणि शोध घेत घेत माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीचा. पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. उष्ण, दमट हवा तिला मानवते आणि मका, भुईमूग, सरकी, भात, मिरची, सुकामेवा अशा कशावरही ती वाढते. स्वयंपाकाच्या आचेला हे विष पुरतं नष्ट होत नाही. दाण्यावरची बुरशी पुसली, धुतली, तरी आत उतरलेलं विष तिथेच राहतं. एका अंगणवाडीत ओल लागलेलं पोतं मी बाजूला काढायला लावलं, तेव्हा मदतनीस समजुतीच्या सुरात म्हणाली, "का होही दीदी, धो देबो." तिच्या बोलण्यात निष्काळजीपणा नव्हता. धुऊन जात नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मोठ्या माणसाला हे विष वर्षानुवर्षांनी यकृताच्या कर्करोगाकडे नेऊ शकतं. बाळाचा हिशेब वेगळा. वजनाच्या मानानं ते मोठ्यांपेक्षा जास्त खातं आणि त्याच्या ताटात वैविध्य नसतं. सकाळी पेज, दुपारी तीच पेज, संध्याकाळी त्याच पिठाची खीर. पीठ खराब असेल तर रोजचा प्रत्येक घास तोच. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन आणि टोगोमध्ये नऊ महिने ते पाच वर्षं वयाच्या 480 मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा 99 टक्के मुलांत अफ्लाटॉक्सिनची खूण सापडली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांच्या रक्तात ती जास्त, ती मुलं उंचीनं आणि वजनानं मागे होती. अंगावरचं दूध सुटून घरचं धान्य सुरू झालं की रक्तातलं प्रमाण वाढत होतं. कुपोषणाच्या तक्त्यावर लाल रेघेखाली गेलेल्या बाळासाठी आम्ही आईला एकच सांगायचो, खाऊ घाल. काय खाऊ घालते आहे, ते धान्य कुठे आणि कसं ठेवलं होतं, हा प्रश्न आमच्या रजिस्टरात नव्हता.

भारताला या विषाची ओळख नवी नाही. 1971 मध्ये म्हैसूरच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं आहे की कुपोषित मुलांना प्रथिनांसाठी दिलेल्या शेंगदाणा पिठातच अफ्लाटॉक्सिन होतं आणि पुढे त्या मुलांना यकृताचा सिरोसिस झाला. औषध म्हणून दिलेलं अन्नच विषारी निघालं. 1974 मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाड्यातल्या आदिवासी गावांत अवेळी पावसात भिजलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. उष्ट्यावर जगणारी कुत्रीही मेली. त्या घरांत दुसरं धान्यच नव्हतं.

आणि आपलं पुणं. बालयकृताच्या सिरोसिसनं एकेकाळी घरोघरची तान्ही मुलं नेली. अफ्लाटॉक्सिनवरही बराच काळ संशय होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना बारकाईनं विचारलं की बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं आणि ते कोणत्या भांड्यात तापवलं. 1983 मध्ये त्यांनी पितळी भांड्यांतून दुधात उतरणाऱ्या तांब्याकडे बोट दाखवलं. घरातली भांडी बदलली आणि हा आजार ओसरत गेला. इथे दोषी बुरशी नव्हती, तांबं होतं. पण मला त्यातून दिसते ती पद्धत. बाळाच्या तोंडी जाणाऱ्या घासाचा माग काढला, मोजमाप केलं आणि निष्कर्ष लोकांपर्यंत पोचवला.

आता नवा रायपूर. मंत्रालय, संचालनालयं, रुंद रस्ते सगळं इथे आहे. त्या रस्त्यांच्या मधोमध जुनी गावं आहेत आणि चहूबाजूंना धान. सरकारी खरेदीत सतरा टक्क्यांपर्यंत ओलावा असलेलं धान घेतलं जातं. बुरशीला रोखायचं तर धान्य चौदा टक्क्यांच्या आत वाळलेलं हवं. खरेदी झालेलं धान संग्रहण केंद्रांवर ताडपत्रीखाली थप्प्या लावून पडतं आणि अवकाळी पाऊस कुणाला विचारून येत नाही. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना जे 'रेडी टू ईट' मिळतं, त्यात गहू, चणा, सोयाबीन यांच्याबरोबर शेंगदाणेही असतात. ते महिला बचत गटांनी बनवावं की राज्याच्या बीज निगमच्या यंत्रांनी, यावर राज्यात भांडणं झाली, प्रकरण न्यायालयात गेलं, धोरण एकदा इकडे आणि एकदा तिकडे वळलं. मी बचत गटांच्या बाजूची आहे. पण पाकीट कुणीही भरलं तरी आतल्या शेंगदाण्याची तपासणी झाली का, हा प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी यायला हवा होता.

युरोपला शेंगदाणा पाठवायचा तर अपेडा या निर्यात प्राधिकरणाच्या नियमांनुसार लॉटची अफ्लाटॉक्सिन चाचणी करावी लागते. तिथे बाळांच्या धान्याहारात बी-1 किलोमागे 0.1 मायक्रोग्रॅमच्या पुढे चालत नाही. मोठ्यांच्या सर्वसाधारण धान्याला 2 पर्यंत मुभा आहे, म्हणजे बाळासाठी नियम वीसपट कडक. दुधातल्या एम-1ची आपली मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम, त्यांची 0.05. परदेशी गिऱ्हाइकासाठी आपण जे करू शकतो, ते राखी गावच्या बाळासाठी करता येत नाही, हे मला पटत नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं भुईमुगासाठी स्वस्त चाचणी तयार केली आणि मलावीतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या संघटनेनं ती वापरली. अडचण यंत्राची नाही, नमुना घेण्याची आहे. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं, पोत्यातल्या मोजक्या दाण्यांत एकवटलेलं असतं. एका पोत्यातून मूठभर दाणे काढून भागत नाही. अनेक पोत्यांतून, वरून-खालून-मधून नमुना घ्यावा लागतो. हे बचत गटातल्या बायकांना चार दिवसांत शिकवता येईल, आणि दाणे निवडण्यात त्यांचा हात कोण धरेल? सुरकुतलेले, काळवंडलेले, मोडलेले दाणे हातानं बाजूला काढले तरी विषाचा मोठा वाटा निघून जातो.

घरीही करण्यासारखं बरंच आहे. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. आईच्या खाण्यातून त्यातही अंशभर विष येऊ शकतं, तरी ते घरच्या धान्याहून कितीतरी सुरक्षित. म्हणजे ओलं-कुबट धान्य आईच्या ताटातही नको. आपल्या मराठी घरांत बाळगुटी उगाळतात. जायफळ, हळकुंड, सुंठ, खारीक, बदाम वर्षभर त्याच डबीत, ओल्या सहाणेवर उगाळून तसेच परत ठेवलेले. जायफळ, हळद आणि सुंठ यांच्यावर अफ्लाटॉक्सिनसाठी युरोपात मुद्दाम मर्यादा घातलेली आहे. सहा महिन्यांच्या आत गुटीची गरज नाही, हे आजीनं आजीलाच सांगायला हवं, म्हणून मी सांगते. नाचणीला मोड आणून सत्त्व करायचं तर कडक उन्हाचे दिवस धरा. श्रावणातल्या ढगाळ हवेत पंख्याखाली वाळवलेली नाचणी बाळासाठी नको. पीठ थोडं दळा, लवकर संपवा. आज तांदूळ, उद्या नाचणी, परवा मूग असं धान्य बदलतं ठेवा. बुरशी आलेलं काहीही गाईला घालू नका. त्याला जागा एकच, खड्डा.

सरकारकडे माझं मागणं मोजकं आहे. 'रेडी टू ईट'च्या प्रत्येक लॉटची अफ्लाटॉक्सिन चाचणी व्हावी आणि निकाल पाकिटावर सोप्या भाषेत छापावा. पावसाळ्यात जिल्ह्यातल्या दुधाचे आणि पेंडीचे नमुने दर महिन्याला तपासून आकडे जाहीर करावेत. मितानिन म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, त्यांच्या प्रशिक्षणात 'धुऊन जात नाही' हे एक वाक्य घालावं. याला पैसे लागतील आणि ते पोषणाच्या तरतुदीतूनच यावेत, कारण न तपासलेल्या घासाला पोषण म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.