नव्वद सेकंदांचा पुरावा
जुना लिनक्स लॅपटॉप बंद होताना अडकला किंवा सुरू होताना रेंगाळला, की पहिला सल्ला मिळतो तो सगळं पुसून नव्याने बसवण्याचा. मला तो चुकीचा वाटतो, कारण त्यात पुरावाच पुसला जातो. आज बहुतेक लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करण्याचं काम सिस्टमडी करते. एखादी सेवा थांबत नसेल, तर सहसा ९० सेकंद वाट पाहून मगच ती तिला जबरदस्तीने बंद करते. म्हणजे दीड मिनिटाचा तो खोळंबा यंत्राचं म्हातारपण नव्हे, कुणासाठी तरी थांबणं असतं. कुणासाठी, ते नोंदींत नावासकट सापडतं. सुरू होतानाही तेच: स्वॅपचं पार्टिशन बदललं आणि कोणती पार्टिशनं जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत जुनाच ओळख क्रमांक राहिला, तर लॅपटॉप अस्तित्वात नसलेल्या पार्टिशनसाठी तेवढाच थांबतो. सामान्य माणसाने या नोंदी वाचायच्या कशा, हा आक्षेप रास्त आहे. पण जर्नलसीटीएल ही आज्ञा मागच्या वेळच्या नोंदीही दाखवते (त्या डिस्कवर साठवल्या जात असतील तर), आणि बंद होतानाचा दोष बहुधा शेवटच्या काही ओळींतच असतो. नव्याने बसवणं झटपट होतं, हेही खरं; मात्र मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल संपल्यामुळे तारीख मागे जात असेल, तर त्याने काहीच सुधारत नाही, सेलच बदलावा लागतो. दोष सापडेपर्यंत पॉवरचं बटण दाबून धरणं टाळावं: फाइल सिस्टीम बहुतेकदा सावरते, न साठवलेलं लिखाण जातं.